फोटोमागचं कपाट

प्रिय आबा,

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. आईनं आणि मी तुमची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, आणि उंबरठ्यावर तुमचं नाव घेऊन मी कुंकवाचं बोट उमटवलं. इथवर सगळं ठीक होतं. मग दुपारी मी तुमच्या वाचनालयात गेले आणि भांडून परत आले. घरी येऊन तणतण करत बसले तर आई म्हणाली, "मना पुढे काय बोंबलस? तुना बापले सांग!"

म्हणून सांगतेय. आज सकाळी उठल्याउठल्या कागद घेतलाय, चहा शेजारीच गार होतोय.

आबा, तुम्ही गेलात आणि वाचनालयाच्या समितीनं तुमचं स्मारक केलं. दुकानाशेजारची वाचनालयाची ती खोली आठवते ना? तुम्ही अर्धा दिवस लोकांचे रेडिओ, टेप दुरुस्त करायचे आणि उरलेला अर्धा दिवस त्या खोलीत बसायचे. चार कपाटं पुस्तकं, गावोगावच्या लग्नांचे जुने फोटो, आणि तुम्ही भरलेल्या त्या कॅसेटी. कुलूप कधी पाहिलंच नाही मी तिथं. साक्रीचा बाजार असला की खेड्यावरची माणसं पिशव्या ओट्यावर ठेवायची आणि आत येऊन खुशाल फोटो चाळत बसायची. आता दारावर पाटी आहे, 'स्मृती दालन'. आत काचेचं नवं कपाट. कॅसेटी त्यात, तुमचा टेपही त्यात. टेपला हार घातलाय, आबा! टेपला!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. कपाटाच्या दोन्ही दारांवर मिळून त्यांनी तुमचा एकच मोठा फोटो ठोकलाय. चांगला स्क्रू मारून, पक्का. उद्घाटनाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कपाट उघडायचं तर फोटो उतरवावा लागेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि नंतर आलं तेव्हा हार घातलेल्या माणसाचा फोटो उतरवायची कोणाची हिंमत होईना. किल्ली ग्रंथपालांच्या खिशात असते. ते म्हणतात, "किल्ली मागा, देतो. फोटोला मी हात लावणार नाही." जन्मभर दार सताड उघडं ठेवलंत, आणि मेल्यावर तुम्हालाच दारावर पहाऱ्याला बसवलंय की हो!

तुमची आखाजीची दुपार आठवते? सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असायच्या. झोके खेळून दमल्या की आपल्या ओट्यावर यायच्या. तुम्ही टेप मधोमध ठेवायचे आणि त्यांच्या आयांनी, आत्यांनी म्हटलेली झोक्याची गाणी लावायचे. कोणाचा आवाज आला की एखादी पदरात तोंड लपवून हसायची, एखादी रडायची. मला लहानपणी त्या बायका रडल्या की तुमचा राग यायचा. म्हणायचे, आबा मुद्दाम रडवतात.

काल यमुनाक्का आली होती. तुमच्या भुराबाईंची मुलगी, चाळीसगावकडे दिलेली. भुराबाई गेल्या हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांच्या दहाव्याला तुम्हीच गेला होता. भाऊ-भावजय बोलावतात म्हणून ती येते, पण माहेर म्हणजे आई, आणि आई आता तुमच्या कॅसेटीत आहे. भर उन्हात छत्री घेऊन आली आणि मला म्हणाली, "पोरी, मनी मायना आवाज शे ना आठे? एकदाव ऐकाड ना. आबानी सांगेल व्हतं, कव्हय बी ये, ऐकाडसु."

मी तिला घेऊन आत गेले. समितीचे अध्यक्ष अण्णा तिथंच होते, पंख्याखाली. माणूस वाईट नाही हो, तुमच्यावर जीव आहे त्यांचा. पण काय म्हणाले ऐका. "ताई, आज पितरांचा दिवस. आजच्या दिवशी आबांचा फोटो खाली काढायचा? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "अण्णा, आबा असते तर त्यांनी स्वतःच काढला असता."

"ते असते तर फोटो कशाला लावला असता?" अण्णा म्हणाले.

मग म्हणाले, समितीची बैठक घेऊ, ठराव करू. नाहीतर सगळं धुळ्याला देऊन टाकू. धुळ्यालाही जाऊन आलेय मी. तिथं जुन्या वस्तू जपणाऱ्या एका कार्यालयात सांगितलं, द्या, जपून ठेवू. म्हटलं, ऐकायला कधी मिळेल? ते म्हणाले, अर्ज करा. आता यमुनाक्कानं आईचा आवाज ऐकायला अर्ज करायचा! कारणाच्या रकान्यात काय लिहायचं तिनं?

संताप होतो, आबा. मोठ्या शहरांचं सगळं जपलं जातं, त्यावर पुस्तकं निघतात. आपल्याकडे वस्तूला दोनच ठिकाणं. भंगारवाला, नाहीतर देव्हारा. वापरात ठेवायची म्हटलं की सगळे मागे सरतात.

आणि तुम्हीही काही कमी नाही हं. कितीदा म्हटलं, मला मोबाईलवर घेऊ द्या सगळ्या कॅसेटी. तुमचं आपलं एकच. "मोबाईल खिसामा जास. मंग ओट्यावर कोन येई?" बरोबर होतं तुमचं, पण अर्धंच! ओटाही गेला आणि खिशातही काही नाही. कोणत्या कॅसेटीत कोण आहे, तेही सगळं तुमच्या डोक्यात. जाताना डोकं इथंच ठेवून जायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

यमुनाक्का वाद घालत बसली नाही. ओट्यावर जाऊन टेकली आणि आपल्याशीच आईचं गाणं म्हणायला लागली. पहिलं कडवं नीट म्हटलं. दुसरं सुरू केलं आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडली. "पुढलं मायलेच येत व्हतं," म्हणाली. मी घरी येऊन आईला विचारलं. तिलाही येत नाही. शेजारच्या काकूंना नाही. म्हणजे भुराबाईंचं ते पुढचं कडवं आज फक्त त्या काचेच्या आत आहे, आणि वैशाखाच्या या उन्हात तिथं कॅसेटीच्या पट्टीचं काय झालं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

जाण्याआधी तिनं पिशवीतून सांजोऱ्या काढल्या, तुमच्या फोटोपुढे ठेवल्या आणि हात जोडले. मला ते पाहवलं नाही. आईचा आवाज ऐकायला आलेली बाई काचेला नमस्कार करून गेली! आणि अण्णा समाधानानं मान हलवत होते.

लिहिता लिहिता एक आठवलं. तुमच्या हातून एकदा कोणाच्या तरी आजीची कॅसेट तुटली होती. मी रडायला लागले. तुम्ही माझीच नेलपॉलिशची बाटली मागून घेतलीत, दोन टोकं जुळवलीत, एक थेंब लावलात आणि फुंकर मारत बसलात. म्हणालात, "तुटनी तं जोडी लेसुत. कपाटमा ठेवीसन काय उंदीरसले ऐकाडानी शे का?"

यमुनाक्काची एसटी दुपारची आहे. तिला निरोप धाडलाय की जाताना ओट्यावर ये. दुकानातल्या तुमच्या खणातून पिवळ्या मुठीचा पेचकस काढून पर्समध्ये टाकलाय. बरोबर एक पेन्सिल आणि नेलपॉलिश. किल्ली ग्रंथपाल देतीलच, ठराव त्यांना नंतर करू दे. अण्णा ओरडतील. आईला सांगितलं तर तिनं पेचकसावरची धूळ पदरानं पुसून दिली.

तेव्हा आबा, शब्द देते. आज पितरांचा दिवस नाही, पण तुमचा फोटो मीच उतरवणार. हार काढणार आणि तुम्हाला ओट्यावर नेऊन बसवणार, टेपच्या शेजारी, तुमच्या नेहमीच्या जागी. भुराबाई सापडेपर्यंत एकेक कॅसेट लावीन, पट्टी अडकली तर सोडवीन, तुटली तर जोडीन. आणि भुराबाई गायला लागल्या की यमुनाक्का रडेल. या वेळी मला तुमचा राग येणार नाही.

तुमची,
नलू