नदीकाठच्या दोन खोल्या आणि केळींमागचे घर

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, कापड गिरणीच्या रंगखात्यात तीस वर्षे छटा जुळवणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. अक्षर मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोटवून घेतलेले आहे, तेव्हा "वाचता आले नाही" ही सबब कोणी सांगू नये.

१. नदीकाठच्या शहरातल्या माझ्या दोन खोल्या कोणालाच देता येत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी मी आईच्या आजारपणात या शेतीच्या गावी, धाकट्या भावाकडे आले. त्याने एक कागद पुढे केला. "ताई, तुझ्या वीज मीटरचा अर्ज आहे. कर सही." ज्याला बोट धरून शाळेत नेले, त्याचा कागद मी कशाला वाचू? ते मुखत्यारपत्र होते. खोल्या गेल्याचे मला नव्या मालकाच्या फोनवरून कळले.

भाऊ म्हणाला, "गिरणी बंद, भोंगा बंद. तिथे उरलंय काय? तुझ्या भल्यासाठीच केलं."

माझी खिडकी उरली होती. तिच्यातून नदी दिसायची. खात्यात लाल सूत असले की लाल, निळीच्या दिवशी निळी. मासे मेले, मान्य आहे. पण भोंगा झाला की चारशे बायका एकदम रस्त्यावर यायच्या आणि त्या गर्दीत माझ्यासारखी एकटी बाई एकटी नसायची. इथे घाम सुकत नाही, आणि मी सकाळी शिंकले तर दुपारी बाजारात औषध सुचवतात. नदी आता स्वच्छ वाहते म्हणे. चांगलेच झाले. मला ती ओळखू येणार नाही.

२. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेले इथले घर, पुढच्या केळींसह, शेजारणीला द्यावे. ती रोपवाटिकेत कलमे बांधते. पहिल्या महिन्यात मी अंगणात बसून पानांच्या छटा जुळवत होते, तेव्हा ती कुंपणावरून ओरडली, "अहो बाई, हिरव्याला हिरवंच म्हणा नि जेवायला या!" गेले. अजून जाते.

३. रंगांची नमुनापुस्तके भाचीला. बापाचा राग मी तिच्यावर काढणार नाही. "आत्याने दिली" असे तिने सांगावे, एवढेच.

४. धाकट्या भावाला काही नाही. रागाने लिहिलेले तीन मसुदे फाडले; हा चौथा. "भलं केलं" यापलीकडे तो आजवर बोललेला नाही. मला त्याच्याकडून एक खरे वाक्य हवे आहे, माझ्या जिवंतपणी. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्याची. त्याने कागद आधी सबंध वाचावा. सहीपाशी ते वाक्य लिहायचे नसेल तर उठून जावे. वकिलांचा कारकून सही करील.

ठिकाण: माझ्या घराचा मागचा ओटा
दिनांक: १४ जून २०१९
सही

साक्षीदार १: गावचे डॉक्टर. बाई माझ्या चहातली साखर मोजण्याइतक्या शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २: धाकटा भाऊ. दोनदा वाचून सही केली. ताई, तो मीटरचा अर्ज नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं.