चाक्राबांबाची अनवाणी मुलं

चाक्राबांबा, पेरू, १२ एप्रिल २००४

ती. फ्लोरिंदाताईस, ऑरेलियाचा सा. न. वि. वि.

तुझ्या संस्थेनं माझ्या वर्गाशी कॅनडातला वर्ग जोडून दिला आणि पोरांना जणू शिंगंच फुटली! आम्ही बटाट्याच्या चौतीस जातींची चित्रं पाठवली. तिकडून उत्तर आलं, की त्यांना दोनच ठाऊक. पोरं पोट धरधरून हसली. यानेतला तर त्यांची कीवच आली, बियाणं पाठवू या म्हणून माझ्या मागे लागलीय. ताई, आमची पोरं पहिल्यांदाच कुणाला तरी शिकवताहेत गं.

तू मागितलेले वर्गाचे फोटो सोबत आहेत. इकडे नुसता चिखल झालाय. आई बरी आहे. लोभ आहेच, पत्रातूनही दिसू दे.

तुझी ऑरेलिया

लिमा, ४ मे

चि. ऑरेलियास अ. आ.

फोटो पोचले. साहेब जाम खूश! एक आमच्या पुस्तिकेत छापतोय, ती कॅनडालाही जाईल. कुठला ते सांगत नाही, बघशीलच. तू मात्र फार वाळलीस. पोरांना जग दाखवता दाखवता दोन घास जेवत जा. आईला नमस्कार, तुला गोड पापा.

तुझी ताई

चाक्राबांबा, २१ जून

ताई,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही. काल कॅनडाहून खोकं आलं. पोरांनी उड्या मारत उघडलं. आत एकतीस जोड बूट आणि वर तुझी पुस्तिका. आमच्या फोटोखाली छापलंय, की या मुलांच्या पायात घालायला काही नाही.

अगं, तू याच वर्गात शिकलीस ना? दर सोमवारी पोरांच्या आया गुडघे टेकून वर्गाच्या जमिनीला लाल मेण घासून चकाकी आणतात, म्हणून चिखलाचे बूट दाराबाहेर काढायचे, हे मला पहिल्या दिवशी तूच कान धरून शिकवलंस. मी पाठवलेल्या फोटोत बुटांची रांग होती. छापलेल्यात नाही. ती कुठे गेली?

यानेतची आई विचारत होती, मेण घासलं ते चुकलं का. मी काय सांगू तिला?

ऑरेलिया

लिमा, २ जुलै

चि. ऑरेलियास अ. आ.

एवढं आकाशपाताळ एक करू नकोस. हो, रांग मीच कापली. हसऱ्या, धडधाकट पोरांसाठी कोण खिशात हात घालतं? संस्था हा उपक्रम बंदच करणार होती, त्या फोटोनं वाचला. तुझ्याच पोरांसाठी केलं ना? सणाला येतेय, तेव्हा बोलू. राग सोड, माया सोडू नकोस.

तुझी ताई

चाक्राबांबा, ९ जुलै

ताईस,

बूट परत पाठवले. परत पाठवले तर संस्था कॅनडाच्या वर्गाशी आपलं नातं तोडेल, हे पोरांना आधी सांगितलं. तरी एकतीसच्या एकतीस हात वर आले.

बुटांसोबत पोरांनी कॅनडाच्या मुलांना पत्र लिहिलंय. मी एक अक्षर बदललं नाही. लिहिताना यानेतनं विचारलं, आपल्याबद्दल हे खोटं कुणी सांगितलं. मी टाळत राहिले. पोरं पेन्सिली धरून थांबून राहिली. कुणी परकं असतं तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते गं! शेवटी फळ्यावर तुझं नाव लिहिलं. माझी सख्खी बहीण, हेही लिहिलं. पोरांनी ते नीट उतरवून घेतलं.

लोभाचं या खेपेस काही मागत नाही. सणाला ये, आई वाट बघतेय. शाळेवरून मात्र येऊ नकोस. तिथे तुला आता सगळे ओळखतात.

ऑरेलिया