पहिली पिन ग्राउंडची

प्रिय उफराट्या,

चार वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फक्त तू बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या सिम्बॉलवरून, सर्किटच्या नकाशातल्या त्याच्या चिन्हावरून, ऑफिसात माझी चांगलीच हजेरी घेतली गेली. तुझ्या टेबलावर हल्ली प्रिंटर ठेवलाय. कागद अडकला की येणारा-जाणारा त्याला थपडा मारतो, आणि मला उगाचच राग येतो.

सगळं जग पिनांच्या यादीत इनपुट आधी लिहितं, तू मात्र ग्राउंड. आधी पाय टेकायला जागा हवी, म्हणायचास. चिपच्या लेआउटमधून काढलेल्या नेटलिस्टमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या यादीत, इनपुटच पहिलं येतं. सर्किट संगणकावर चालवून बघणारा सिम्युलेटर पिनांची नावं बघत नाही. पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी जोडून मोकळा होतो. म्हणजे तुझी ग्राउंडची तार थेट इनपुटला! एररही येत नाही, नुसती उत्तरं चुकतात. म्हणून दर वेळी मी नेटलिस्ट उघडून हातानं क्रम बदलायचे. मागच्या आठवड्यात तापानं घरी होते, तर माझ्या जागी बसलेल्या बाईंनी ती तशीच चालवली आणि तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली.

साहेबांनी विचारलं, सिम्बॉलमधलाच क्रम बदलायचा, मिनिटाचं काम, इतकी वर्षं का नाही केलं? काय सांगणार, कपाळ माझं! सिम्बॉल उघडला की कोपऱ्यात शेवटी सेव्ह करणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे तुझं होतं. मी हात लावला असता तर माझं आलं असतं. हे कोणत्या तोंडानं सांगू? विसरले, असं मी सांगून टाकलं.

आज साहेब खुर्चीमागे उभे असताना मी क्रम बदलला आणि सेव्ह केलं. तुझं नाव गेलं. मग बराच वेळ बाथरूममध्ये तोंड धूत बसले.

नोकरी सोडलीस त्या दिवशी जिन्यात तू विचारलं होतंस, थांबू का? माझा अभिमान आडवा आला. तुझं तू बघ, म्हणाले. मला तू हवा होतास रे, अजून हवा आहेस. रोज तुझं नाव दिसत होतं तोवर न बोलता निभावलं, आता नाही निभत. तिकडे तुझं कुणी असेल तर एका ओळीत कळव, मी पुन्हा त्रास देणार नाही. नसेल, तर उत्तर लिहीत बसू नकोस. ये.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची