गार्ड उपलब्ध नाही

जिल्हा कारागृह, महिला विभाग
६ ऑक्टोबर २०२४

ती. विमलताईस,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

मी येथे बरी आहे. जेवण मिळते. पाणी मिळते. सगळे ठीक आहे. हे पत्र ऑफिसात वाचूनच बाहेर जाते, म्हणून सुवाच्य अक्षरात लिहिते आहे.

मागच्या भेटीत तू जाळीपलीकडून विचारलेस की मी एवढी का वाळली. जागरणाने असेल. आमच्या बराकीत बिजलीबाई नावाची एक जण आहे, दिग्रसकडच्या तांड्यावरची. बांधावरच्या मारामारीत घरातल्या सगळ्यांचीच नावे लागली. तिला जामीन झाला, पण जामीनदार मिळेना, म्हणून आत. पोटुशी आहे, आठवा महिना लागला आहे. मी नर्स आहे हे कळल्यापासून ती माझा पदर सोडत नाही. त्यांच्या बोलीत मला याडी म्हणते, म्हणजे आई. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे ती! तिच्या पायांवर सूज आहे. डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा येतात. सगळे ठीक आहे.

माझ्या जामिनाचे काय झाले ते कळव. भाऊजींना नमस्कार. माया आटू देऊ नकोस.

तुझी
निकिता


बोरी अरब
१४ ऑक्टोबर २०२४

चि. निकितास,
विमलताईचे पोटभर आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. 'सगळे ठीक आहे' असं तू दोनदा लिहितं तवा काहीतरी ठीक नसते, हे मले तू पाच वर्साची होती तवापासून ठाऊक आहे.

इकडं सोयाबीन काढणं चालू आहे. तुह्ये भाऊजी थ्रेशरच्या मांगं दिवसभर धुरळा खातात अन् घरी येऊन माह्यावर खोकलतात. बिजलीबाईचं वाचून हसू आलं. आपली बकरी व्यायली तवा तू कोठ्यातून पळत सुटलती, शेजारच्या घरी जाऊन लपलती. अन् आता तू लोकांची याडी!

वकिलाकडं दारव्ह्याले गेलती. जामिनाची तारीख ११ नोव्हेंबर भेटली. तो म्हणे, त्या मेलेल्या पेशंटच्या कागदावर इंजेक्शन दिल्याची सही एकट्या निकिताची आहे. डॉक्टरनं तोंडी सांगतलं होतं असं ती म्हणते, पण डॉक्टर जामिनावर बाहेर बसून नाही म्हणून राह्यला. म्हणून तवरिक आत कोणासंग वाद नको, जेलचा रिपोर्ट चांगला गेला पाह्यजे. निकिता, तुह्यी जीभ मले माहीत आहे. महिनाभर दाताखाली धर.

इथं सारे तुह्यी वाट पाहून राह्यले. जीवाले जप.

तुह्यी ताई


२७ ऑक्टोबर २०२४
(कांताबाईंच्या हातून)

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कांताबाई उद्या सुटणार. हे पत्र त्यांनी पोलक्यात शिवून घेतलं आहे, म्हणून आज खरं लिहून राह्यली.

आमची बराक चौदा बायांची आहे. आत आहोत एकेचाळीस. एक संडास, त्याची कडी तुटलेली. एका कुशीवर निजायचं, अन् एकीले वळायचं असलं तं सगळी ओळ वळते. पाळी आली तं जुनं ब्लँकेट फाडतो. पण हे सगळं सहन होते ताई. बिजलीचं सहन होत नाही.

तिच्या पायावर बोट दाबलं तं खड्डा तसाच राह्यते. आता तोंड सुजलं. डोकं ठणकते, डोळ्यापुढं काजवे चमकतात म्हणते. मी सहा वर्सं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. हे बीपी आहे. यातून झटके येतात, अन् झटके आले की आई अन् लेकरू दोघंही हातचे जातात. जेलच्या डॉक्टरनं दोनदा चिठ्ठी देली, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून. पण कैदी बाहेर न्यायचा तं संग पोलिसांचा गार्ड लागते, अन् गार्ड निवडणुकीच्या बंदोबस्तात. दोन्ही चिठ्ठ्यांवर शाईनं लिहून आलं, 'गार्ड उपलब्ध नाही'. मी ऑफिसात जाऊन विनवलं. तिथली एक जण म्हणे, एकीले मारून आली अन् आता दुसरीची काळजी करते. मी तशीच मागं फिरली.

आमच्या नर्सिंग कॉलेजात एक न्यायाधीशबाई भाषणाले आल्या होत्या. कैद्याचं साधं पत्रही हायकोर्ट याचिका म्हणून घेऊ शकते, असं सांगत होत्या. मी मागच्या बाकावर डुलक्या घेत होती, तरी तेवढं कानात राह्यलं. विधी सेवेचे वकील तीन महिन्यांत इकडं फिरकले नाहीत. म्हणून संगचा कागद मी हायकोर्टाले लिहिला आहे. खाली अठरा जणींचे अंगठे आहेत. तो नागपूरले रजिस्टर पोस्टानं पाठव. उद्याच पाठव. माह्या जामिनाचं काय होईल ते होवो.

तुह्या पाया पडते ताई. उशीर करू नको.

निकिता


बोरी अरब
४ नोव्हेंबर २०२४

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

कांताबाई येऊन गेल्या. चहा घेतला, रडल्या. तुह्यं सामान पोचलं.

दिवाळी झाली म्हणायची. तुह्या नावाचा एक दिवा लावला. कपाशीचा पहिला वेचा निघाला, बोंडं बरी आहेत. तुह्ये भाऊजी म्हणतात, ११ तारखेले निकिता सुटली की तिलेच वेचाले लावू, बसून खाऊन लई दिवस झाले. तू चिडशीन म्हणून लिहून राह्यली.

आता एकच आठवडा आहे. ११ तारीख होऊ दे, मंग बाकीचं सारं पाहू. बिजलीबाईले माह्याकडून सांग, देव पाहून घेईन.

तुह्यी ताई


जिल्हा कारागृह, महिला विभाग
१२ नोव्हेंबर २०२४

ताई,

बिजली गेली. शनिवारी, ९ तारखेला.

हे पत्र वाचणाऱ्या साहेबांनी पुढचंही वाचावं. सकाळची गिनती चालू होती. ती ओळीत उभी होती, माझा हात धरला आणि खाली आली. झटका आला. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, तोंडातला फेस पुसला. याहून जास्त करायला माझ्याजवळ काही नव्हतं. वॉर्डातल्या कपाटात त्यावरचं औषध असतं. मी ते कितीकदा भरलं आहे. इथे माझ्याजवळ ओढणी होती.

ऑफिसातून फोन गेला. उत्तर आलं की गार्ड निवडणुकीच्या ट्रेनिंगला आहे, दोन तास लागतील. दोन तास आणि दहा मिनिटं लागली. तेवढ्यात तिला आणखी तीन झटके आले. दुसऱ्यानंतर ती बोलली नाही. लेकराची हालचाल मी हाताने पाहत होती. गाडी आली त्याच्या आधीच ती थांबली होती. दवाखान्याच्या दारात बिजलीही गेली, असं संध्याकाळी सांगितलं.

काल माझी तारीख होती. मला कोर्टात नेलंच नाही. कारण तेच, गार्ड नाही. अर्ज २० जानेवारीवर गेला.

हायकोर्टाकडून काहीच आलं नाही, ताई. मी रोज गेटाकडे पाहत होती. कागद पोचला ना?

निकिता


बोरी अरब
१६ नोव्हेंबर २०२४

चि. निकितास,

आशीर्वाद लिहायचं तोंड नाही मले.

कागद मी पाठवला नव्हता.

कांताबाईनं २८ तारखेले माह्या हातात देला. मी तो वाचला, अन् देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवला. वकिलाले नुसतं विचारलं, तं तो म्हणे, जेलच्या विरोधात कागद गेला अन् जेलनं वाईट रिपोर्ट देला तं पोरगी दोन वर्सं सुटत नाही. मले तूच दिसली निकिता. बिजलीबाईले मी कधी पाह्यलं नव्हतं. मनाले म्हटलं, ११ तारीख निघू दे, १२ले टाकू. ती गेली तवा कागद बारा दिवस पोथीत होता. पोचला असता तं कोर्टानं बारा दिवसांत काही केलं असतं का? हे मी सोताले विचारते, अन् विचारून सुटका होत नाही.

तुह्यं पत्र १४ले भेटलं. जेलचा शिक्का मारलेला होता, पण एकही ओळ काळी केली नव्हती. तुह्या भाऊजीले काही न सांगता पोथीतला कागद घेतला, दारव्ह्यावरून गाडी धरली अन् नागपूरले गेली. पोस्टावर भरवसा उरला नव्हता, माह्यावर तं नव्हताच. हायकोर्टात खिडकीवरचा माणूस म्हणे, वकील कुठं आहे? मी म्हटलं, वकील नाही, बहीण आहो. त्यानं टपालाचा रस्ता दाखवला. मी पायरीवर बसून रडली. तिथं एका वकीलबाईनं इचारलं, कुठच्या तुम्ही? अस्मा नाव तिचं, दिग्रसची आहे. तिनं तो कागद उभ्यानं वाचला, खालच्या अठरा अंगठ्यांशी आली अन् माह्या बाजूले बसली. बिजलीबाई कशी आहे म्हणे. मी सांगतलं. ती मले हाताले धरून रजिस्ट्रारकडं घेऊन गेली. मी मांगच्या कोऱ्या बाजूवर बिजलीबाई कशी गेली ते लिहून सही केली.

अस्माच्या हातानं हे पत्र येईन. तू मले काहीही म्हण. पण काहीतरी म्हण.

ताई


बोरी अरब
२० डिसेंबर २०२४

चि. निकितास,
आशीर्वाद, घेशीन तं.

एक महिना तुह्यं पत्र नाही. तीन हप्ते भेट बंद होती, 'प्रशासकीय कारण' म्हणे. तुलेच लिहाचं नाही, का ते लिहू देत नाहीत, हे मले कळत नाही. दोन्ही वाईट.

काल हायकोर्टात होती. कोर्टानं तुह्या पत्रालेच याचिका मानलं, अन् जिल्हा न्यायाधीशाले तुमची बराक पाह्याले पाठवलं, हे तुले ठाऊकच आहे. जेलनं लिहून देलं होतं, मृत्यू नैसर्गिक. अस्मानं दोन्ही चिठ्ठ्यांच्या नकला काढून ठेवल्या, शाईनं लिहिलेल्या. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलाले एकच विचारलं, जेलपासून दवाखाना किती दूर आहे. त्याले माहीत नव्हतं. त्यानं मांगच्या साहेबाले विचारलं, त्यालेही माहीत नव्हतं. मंग बाजूचा एक शिपाई हळूच म्हणे, सव्वा किलोमीटर.

हुकूम असा झाला. डॉक्टरनं चिठ्ठी देली की गार्डसाठी थांबायचं नाही, जेलच्याच महिला शिपायासंग लगेच न्यायचं. गरोदर बाईले दर महिन्याले तपासायचं. जास्तीच्या बाया दुसरीकडं हलवायच्या, संडास बांधायचा. बिजलीबाईच्या मरणाची चौकशी होईन. दर महिन्याले कोर्टाले कळवायचं. न्यायमूर्ती म्हणाले, कैदेची शिक्षा कोर्ट देते, त्यात मरण धरलेलं नसते, अन् इथं तं शिक्षाही झाली नव्हती.

अस्मा माह्याकडं पाहून हसली. मले हसता आलं नाही.

लिही निकिता. चार ओळी लिही.

ताई


जिल्हा कारागृह, महिला विभाग
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
निकिताचा नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तीन आठवडे कोणालाच कागद देत नव्हते, ते खरं. पण चौथ्या आठवड्यात कागद मिळाला, आणि मी तो कोरा ठेवला. तेही खरं.

जिल्हा न्यायाधीश आले होते. बाहेर खुर्ची मांडली होती, ती त्यांनी घेतली नाही, आत येऊन चटईवर बसले. कोणीच बोलेना. साहेब दारात उभे होते ना. मग रुपीबाई उठल्या. साठी उलटलेल्या आहेत. त्यांनी साहेबांना बाहेर जायला सांगा म्हटलं. साहेब गेले. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, कारकुनाला लिहिता येईना.

आता आम्ही तेवीस आहोत. नव्या संडासाला दार अजून नाही, साडी बांधली आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरबाई आल्या, बीपीचं मशीन घेऊन. दोन गरोदर आहेत, दोघींना तपासलं. मशीनचा पट्टा दुसरीच्या दंडाला बांधलेला पाहिला आणि मी बाहेर निघून गेली. चौकशीत माझा जबाब झाला. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. जामिनाचं २० तारखेला काय होईल, मला माहीत नाही. वकील म्हणाला तेच कदाचित होईल.

ते बारा दिवस मी माफ केले का, असं तू विचारलं नाहीस, पण विचारून राह्यली आहेस. मले नाही सांगता येत. काही दिवस मी तुह्या जागी बसून पाहते अन् मीही कागद पोथीत ठेवते. काही दिवस नाही ठेवत. भेटीले ये. समोर बसलो तं कदाचित कळेन. तुह्यावरचा लोभ तुटला नाही, एवढं धर.

परवा दुपारी रुपीबाईच्या छातीत कळ आली. डॉक्टरनं चिठ्ठी देली. महिला शिपाई आली, गाडी लागली, कोणी कोणाले फोन केला नाही. मी गेटाजवळ उभी होती. रुपीबाई आज परत आल्या, भात खाऊन राह्यल्या. सगळ्या बाया टाळ्या वाजवत होत्या, अन् मी एकटीच भिंतीकडं तोंड करून रडली. दवाखान्यात पोचाले त्यांना किती वेळ लागला, ते मी शिपाईबाईले विचारलं होतं.

वीस मिनिटं, ताई.

तुझी
निकिता