खोटी हाक

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! नोकरी नवी, गाव नवं आणि मावशीच्या घरातली वरची खोली आयती. मावशीने दारातच विचारलं, काम काय गं नक्की? मी सांगितलं, परवाना काढून कुत्र्यांची पैदास करणारे असतात, त्यांच्याकडे माद्यांचे हाल होत नाहीत ना, हे पडद्यावर बघत बसायचं. तर म्हणते, असल्या कामाला पगार मिळतो हे आधी कळलं असतं तर मीही मागितला असता, तुझ्या काकांना जन्मभर सांभाळलं! काका जाऊन वर्ष झालं, पण त्यांची उणीदुणी काढल्याशिवाय हिचा घास उतरत नाही. मग पदराने डोळे पुसते आणि कांद्यावर ढकलते.

ऑफिस टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. भिंतभर पडदे. एकेका पडद्यावर एकेका पैदासवाल्याचं आवार. तिथे कॅमेरा, माइक आणि प्रत्येक मादीच्या गळ्यात पट्टा. ठीक असली की तिचा ठिपका हिरवा, त्रासात असली की लाल. कुठे कुत्री रडली-कण्हली की यंत्र घंटी वाजवतं. ऑफिसात त्याला ‘हाक’ म्हणतात. हाक आली की मी हेडफोन लावायचा, ऐकायचं आणि बटण दाबायचं, ‘खरी’ किंवा ‘खोटी’. खरी असली की पाहणीची गाडी निघते. साहेब म्हणाले, यंत्र तुमच्या बटणांवरूनच शिकतं, म्हणजे हळूहळू तुमचेच कान त्याला फुटणार. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. भुकेचं रडणं कुठलं आणि दुखण्याचं कुठलं, मला झोपेतही कळतं. ही फुशारकी नाही. बरं, थोडी आहे.

सोमवार, ११ तारीख

कामाला हात बसला. एका आवारातली तपकिरी कुत्री माझी लाडकी झाली आहे. तिचा एक कान पडलेला असतो, म्हणून मी तिला दुमडी म्हणते. परवा तिची पिल्लं गेली, नव्या घरी, सगळी एकदम. तेव्हापासून ती रिकाम्या टोपलीभोवती फिरते आणि रडते. यंत्र सारखं हाक देतं. पहिल्या वेळी गाडी पाठवली. काही निघालं नाही. मालकाचा फोन आला, भांडखोर नव्हता, उलट अजिजीने बोलला. म्हणाला, ताई, आई आहे ती, चार दिवस रडणारच, तुम्हाला मी काय सांगायचं? खरं होतं त्याचं. मी ‘खोटी’ दाबलं. मग पुन्हा खोटी. नंतर नंतर हेडफोन न लावताच दाबत गेले. इतर आवारांतल्या आयांनाही तोच न्याय. शेवटी दिवसभर ती घंटी ऐकायची म्हणजे डोकं उठतं हो.

गुरुवार, १४ तारीख

साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. खोट्या हाका जवळजवळ बंद झाल्या. यंत्र शिकलं म्हणे, आणि तेही इतक्या लवकर! भिंतभर हिरवे ठिपके. माझे हे कान आता दुसऱ्या ठिकाणीही विकले जाणार आहेत. मावशीला सांगितलं, तर म्हणाली, कान विक, नाक तेवढं राख. दिवस शांत गेला. चहा गरम असतानाच प्यायला मिळाला.

शुक्रवार, १५ तारीख

दुमडी आडवी पडली आहे. तोंड उघडं. गळा वरखाली होतो आहे. ठिपका हिरवा.

हेडफोन लावला. काहीच नाही. पंख्याची घरघर, लांबून जाणारी मोटारसायकल, बादलीत पडणारं पाणी, हे सगळं स्पष्ट. फक्त तिचा आवाज नाही. माइक बिघडला म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने हेडफोन कानाला लावला आणि लगेच ओढून काढला. चेहरा पडला त्याचा. म्हणाला, माइक ठणठणीत आहे बाई, पण हे कण्हणं तुम्हाला ऐकवतं तरी कसं?

मी पुन्हा लावला. पंख्याची घरघर. पाणी.

गाडीत मीही बसले.

शुक्रवारीच, संध्याकाळी

दुमडी गेली. आम्ही पोचलो तेव्हा अंग अजून गरम होतं. पिल्लं एकदम तोडल्यामुळे आचळात दूध साकळलं, पू झाला, तो अंगभर पसरला. गाडीबरोबर आलेले डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी कळवलं असतं तर वाचली असती. आधी ती पिल्लांसाठी रडत होती. पण मग रडणं बदललं असणार. ते बदललेलं मी एकदा ऐकलं असतं तर ओळखलं असतं. देवा, मी नक्की ओळखलं असतं! पण आम्ही यंत्राला शिकवलं होतं की आईचं रडणं म्हणजे काही नाही. मग त्याने मला हाकच दिली नाही.

मालक भिंतीला टेकून बसला. त्याचे खांदे हलत होते, तोंड वेडंवाकडं झालं होतं. तो रडत होता हे मला खांद्यांवरून कळलं. आवाज आला नाही.

सोमवार, १८ तारीख

कानाच्या डॉक्टरने तपासलं. म्हणाला, कान उत्तम आहेत, उगाच काळजी करता. टाचणी पडलेली ऐकू येते. घड्याळ ऐकू येतं. बाहेर पडले तर रस्त्यावर एक लहान मुलगी सायकलवरून पडली होती. गुडघा फुटला होता, तोंड आ वासलेलं, लोक धावत येत होते. मला धावणाऱ्या चपला ऐकू आल्या. ती नाही.

साहेबांना म्हटलं, यंत्राला शिकवलेलं पुसा. म्हणाले, शिकलेलं पुसता येत नाही, आणि आता ते आपल्या एकट्याचं राहिलेलं नाही. दिवसभर पडद्यांवर नुसती उघडी तोंडं शोधत होते. हाताने ठिपके लाल केले. ते आपोआप पुन्हा हिरवे —

बुधवार, २० तारीख

रजा टाकली. सकाळपासून वर खोलीत पडून होते. दुपारी पाणी प्यायला खाली आले तर मावशी न्हाणीघरात. पाय मुडपून पडलेली. ओठ कोरडे, मुठी आवळलेल्या. माझ्याकडे बघून तोंड उघडत होती, मिटत होती.

शेजारीण मागोमाग आली. म्हणाली, केव्हापासून ओरडतायत गं? मी कुलूप लावून दुकानात गेले होते, आत्ता परतले तर गल्लीतच ऐकू आलं, तू तर घरातच —

मी घरातच होते.

गुरुवार

खुब्याचं हाड. मोठा दवाखाना, स्वच्छ. औषधाने बरं वाटलं की मावशी बोलते, तेवढं ऐकू येतं. म्हणाली, रडू नकोस, तुझ्या काकांपेक्षा बरं बघतेस तू माझं. मग कळ आली असावी. वाक्य मध्येच तुटलं. ओठ मात्र हलत राहिले.

मी तिच्यावरची नजर काढत नाही. माझे डोळे मिटले तर ती कण्हतेय हे मला कळणारच नाही.

शुक्रवार

उशाशी एक लहानसा दिवा आहे, हिरवा. आज नीट पाहिला. नर्सला विचारलं. कौतुकाने म्हणाली, नवीन यंत्र आहे, पेशंट कण्हला की हाक देतं, आम्हाला सारखं फिरावं लागत नाही. कुत्र्यांवर शिकलंय म्हणे, आहे की नाही गंमत!

मी तिचे हात धरले. म्हटलं, त्याच्यावर विसंबू नका, माझे कान आहेत ते. तिने मला खुर्चीत बसवलं. थोडं झोपा म्हणाली.

शनिवार

मावशीचं तोंड उघडं आहे. थांबतच नाही. गळा वरखाली. दुखतंय तिला, फार दुखतंय, मला दिसतंय — नर्स दारातून डोकावली, दिवा बघितला, हसून गेली. आता तिलाही ऐकू येत नाही वाटतं — की —

मावशी, इथेच आहे मी. हात दाब. दाब ना.

हात गार —

दिवा हिरवाच. मी ओरडते आहे. दारात जाऊन, जीव खाऊन ओरडते आहे, बाकावर माणसं बसली आहेत, कुणी मान वर करत नाही. माझा आवाज मलाही —