लुसीच्या नावाचं पिंप

आर्ब्वा,
६ सप्टेंबर १९७७

ती. जेर्मेनताईस,

गास्तोंचा सा. नमस्कार. नमस्कार पोचला की आधी गुडघ्याला तेल लाव, पुढचं मग वाच.

वाईनच्या तळघराच्या किल्ल्या पुतण्याच्या हाती दिल्यापासून मी घरभर नुसत्या येरझारा घालतो, म्हणून तूच मला हाकलून दिलंस. जा, जुराचे द्राक्षमळे बघून ये म्हणालीस. बघतोय. पाच दिवसांत तीन हॉटेलं झाली. एका जागी बूड टेकत नाही. लिओंचे काही निवृत्त मास्तर टोळीने हिंडतायत, त्यांच्या मागे मीही तळघरं पाहतो, घोटभर वाईन चाखतो आणि वा म्हणतो. चव्वेचाळीस वर्षं तळघरात काढलेल्या माणसाला काल एक पोरगी पेला कसा धरायचा ते शिकवत होती. मी गप्प बसलो. तुला खरं वाटणार नाही.

रविवारी इथे सुगीचा सण होता, नव्या द्राक्षांचा भलामोठा घोस खांद्यावर घेऊन चर्चमध्ये नेला. सगळे घोस बघत होते, मी बायकांचे चेहरे. ओदिल आली असेल तर दिसेल म्हणून, आणि तिने मला बघू नये म्हणून खांबाआड. तिच्या गावावरून जाणाऱ्या बसमध्ये दोनदा बसलो, दोन्ही वेळा उतरलो नाही. दुसऱ्यांदा ड्रायव्हरने विचारलं, आजोबा, काही विसरलात का?

उतरून लेकीला सांगू काय? साखरपुड्याच्या जेवणाला रेमीने बापाच्या तळघरातली पिवळी वाईन दोन्ही हातांत धरून आणली होती. मी एक घोट घेतला, ही नासली आहे म्हणालो आणि सगळ्यांसमोर उरलेला पेला मोरीत ओतला. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या जिभेला ती नासलेलीच लागली, ते आजही सांगेन. पण ओदिल ताटावरून उठली ती उठलीच. लग्नाला तिने बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. आपल्या ब्योनहून इथवर तीन तासांची वाट, मला यायला सात वर्षं लागली. लुसी आता सहा वर्षांची होईल. नातीला मी तुझ्या कपाटावरच्या फोटोत तेवढी ओळखतो.

बिजू जेवतो का, की नुसता भुंकतो? माझ्या खुर्चीखाली झोपला तर झोपू दे.

तुझा लोभ मला न मागता मिळत आलाय, तसाच मिळू दे.

गास्तों

*

ब्योन,
९ सप्टेंबर १९७७

चि. गास्तोंस,

अनेक आशीर्वाद. सहासष्टाव्या वर्षी चिरंजीव म्हणवून घ्यायला लाज वाटत असेल, तर वागही तसा.

बिजू जेवतो, तुझ्यापेक्षा शहाण्यासारखा जेवतो. पत्र वाचून मला हसू आलं आणि मग रडूही आलं. अरे, मळे बघायला पाठवलं ते काय मळ्यांसाठी? एवढं कळत नाही तुला? बसमधून उतर. दार वाजव. पुढचं तिचं ती बघेल.

मात्र दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेव. त्या घरात कुणालाही शहाणपण शिकवू नकोस. आणि त्यांच्या कशालाही हात लावू नकोस. तुझे हात तोंडापेक्षा वाईट. माझ्या घरातलं तू दुरुस्त केलेलं घड्याळ अजून उलटं चालतंय.

लुसीसाठी मसाल्याचा मधपाव पाठवते आहे. वाटेत खाऊ नकोस.

माझ्या आशीर्वादात आता थोडी पुण्याई जमली आहे, ती लवकर खर्च कर.

तुझी ताई,
जेर्मेन

*

आर्ब्वा,
१५ सप्टेंबर १९७७

ती. ताईस,

सा. नमस्कार, आणि या वेळी नाचत नाचत.

उतरलो! ओदिलने दार उघडलं, बघत राहिली, एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, वाळलात हो बाबा. एवढंच. मग चीज आलं, अक्रोड आले, ताट मांडलं. लुसीने मधपाव खाता खाता विचारलं, वाईन फेकून देणारे आजोबा ते तुम्हीच का? ओदिल खाली बघून हसली. रेमी हसला नाही, पण त्याने माझ्या पेल्यात लाल वाईन ओतली. लालच. समजूतदार आहे पोरगा.

दोन दिवस मी कुणाला काही शिकवलं नाही. तोंडावरचा हा ताबा बघून मीच चकित झालो. पण ताई, हाताचं जमलं नाही. रागावू नकोस, काम चांगलंच झालं आहे.

निघायच्या दिवशी सकाळी दोघं मळ्यात गेली होती. मी तळघरात उतरलो, नुसतं बघायला. कोपऱ्यात एक पिंप होतं, त्यावर खडूने लिहिलेलं: लुसी, १९७१. नात जन्मली त्या वर्षीचं. सवयीने बोटाच्या पेराने वाजवलं, तर पोकळ! तिसरा हिस्सा रिकामा. बूच काढून बघतो तर वर राखाडी बुरशीही धरलेली. आपल्याकडे आटलेलं पिंप आठवडाभर भरायचं राहिलं तर गावात तोंड दाखवायची सोय नसते, आणि हे तर लेकराच्या नावाचं. ही लोकं वाईन सहा-सहा वर्षं ठेवतात, माहीत आहे. पण ठेवणं म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे. बिचारी कामाच्या रगाड्यात विसरली असतील. मोठ्या टाकीतल्या पांढऱ्या वाईनच्या आठ बादल्या वाहिल्या आणि पिंप तोंडोतोंड भरलं. बूच ठोकलं, सांडलेलं पुसलं. जावयाला कमीपणा नको म्हणून बोललो नाही.

निघताना ओदिलने दोन्ही गालांची पापी घेतली. म्हणाली, हिवाळा संपता संपता लुसीचं पिंप उघडायचं आहे, सगळं कुटुंब जमेल, तुम्हीही या. ताई, तिने मला बोलावलंय.

आता उरलेला मुलूख ऐटीत बघतो. लोभ आहेच, यंदा तो दुप्पट कर.

गास्तों

*

शातो-शालों,
१८ सप्टेंबर १९७७

ताई,

नमस्कार कुठल्या तोंडाने लिहू?

आज सकाळी इथे एका म्हाताऱ्या मालकिणीचं तळघर बघायला गेलो. तेच लिओंचे मास्तर बरोबर. मी एक पिंप वाजवलं, पोकळ. दुसरं पोकळ. तिसरंही. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, बाई, तुमची पिंपं उपाशी आहेत. ती हसली, मास्तरही हसले. मग लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं. पिवळ्या वाईनचं पिंप सहा वर्षं तीन महिने भरायचं नसतं. तिसरा हिस्सा हवेत जायचाच असतो. वर दुधासारखी साय धरते, तीच वाईन घडवते. साय मोडली आणि वरून ताजी वाईन पडली, की ती पिवळी वाईन राहत नाही. तिला ते नावही मिळत नाही.

बुरशी नव्हती, ताई. सहा वर्षं जपलेली साय होती. मी तिच्यावर आठ बादल्या ओतल्या.

मी पायरीवरच बसलो. मास्तरांना वाटलं मला चढली.

आता खरं ते सांगतो. कुणी पाहिलेलं नाही. हिवाळ्यापर्यंत कुणाला कळणार नाही. तेव्हाही कळेल असं नाही, कारण एखादं पिंप आपोआप बिघडतं, मालकीणच म्हणाली. रेमी नशिबाला बोल लावेल. हा विचार मनात आला आणि दिवसभर माझ्याबरोबर बसमधून हिंडला. ब्योनचं तिकीट काढलं, परत केलं, पुन्हा काढलं. सांगितलं तर लेक दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी सात वर्षं वाट बघायला माझ्याकडे उरलेली नाहीत.

काय करू? मी इथेच थांबतो, पत्र पाठव.

गास्तों

*

ब्योन,
२० सप्टेंबर १९७७

गास्तों,

आशीर्वाद राखून ठेवला आहे. आधी काम कर.

तुझं मागचं पत्र वाचून मलाही शाब्बास म्हणावंसं वाटलं होतं, ते कबूल करते. आपण दोघंही ब्योनचीच. पण हात लावू नकोस हे मी लिहिलं होतं. जित्याची खोड.

घरी येऊ नकोस. आलास तर दार उघडणार नाही, आणि बिजूही माझ्याच बाजूने आहे. गप्प राहिलास तर त्या दिवशी सगळ्यांबरोबर पेला धरून उभा राहशील, लुसीचं तोंड उतरेल, आणि तू चुकचुकशील? जमेल तुला? मला नाही वाटत, आणि जमलंच तर मला तसा भाऊ नको.

सात वर्षांपूर्वी कुणी न विचारता बोललास. आताही कुणी विचारलेलं नाही. आता बोल.

तुझीच,
ताई

*

२ ऑक्टोबर १९७७

ती. जेर्मेनआत्येस,

ओदिलचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? इथलं काय ते तुम्हाला अर्धं ठाऊक असणारच.

बाबा गेल्या शनिवारी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. टोपी हातात धरून रेमीसमोर सगळं सांगितलं, बादल्यांच्या आकड्यासकट. रेमी खाली तळघरात गेला. वर आला तो कितीतरी वेळ हातच पुसत राहिला. लुसीने भोकाड पसरलं. आणि मी, आत्या, सात वर्षांचं सगळं बोलले. चांगली वाईन मोरीत ओतलीत आणि जे रिकामं राहायला हवं ते भरलंत, आयुष्यभर तुम्ही हेच केलंत, असं म्हणाले. चालते व्हा, असंही म्हणाले. बाबांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तेच मला सहन होईना.

ते फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. शेवटी रेमी उठला. जाऊन त्यांना म्हणाला, तोडणीला माणसं कमी आहेत, कात्री चालवता येते ना? तेव्हापासून माळ्यावर झोपतात आणि दिवसभर द्राक्षं तोडतात. आमच्या वेली किती वाकड्या बांधल्यात त्यावर काल पहिलं मत दिलं, म्हणजे तब्येत ठीक आहे.

पिंप गेलंच. सासऱ्यांनी चाखून सांगितलं की कोंबडी शिजवायला उत्तम आहे. पुढची कैक वर्षं आमच्याकडे कोंबडीच असणार, तेव्हा भूक ठेवून या. यंदाच्या द्राक्षांचं नवं पिंप भरू. लुसीने हट्टाने त्यावर पुन्हा स्वतःचंच नाव लिहायचं ठरवलं आहे. रेमी म्हणाला, राखण बाबाच करतील, हात न लावण्याचं महत्त्व आता त्यांच्याइतकं कुणाला कळणार? बाबांनी बोटं मोजली. उघडेल तेव्हा ते त्र्याहत्तरचे असतील. म्हणाले, मग तोवर जगावं लागेल.

मी माफ केलं का, ते विचारू नका. जेवायला हाक मारते. ते पोटभर जेवतात.

बिजूला पाठवून द्या. तुमची माया आम्हा सगळ्यांना पुरून उरो.

ओदिल

*

१२ नोव्हेंबर १९७८

ती. ताईस,

सा. नमस्कार. बिजू इथल्या कोंबड्यांना घाबरतो, बाकी ठीक.

दर रविवारी लुसी माझा हात धरून मला तळघरात नेते. मी पिंप वाजवतो, ती कान लावते. वर्षभर भरीव वाजत होतं. आज पहिल्यांदा पोकळ वाजलं, जरासंच. ताई, काय सांगू, हात आपोआप बादलीकडे गेला. चव्वेचाळीस वर्षांची सवय आहे. लुसीने घट्ट धरून ठेवला. दुसरा हात मीच खिशात घातला. तसेच उभे राहिलो, मग वर आलो.

ओदिलने विचारलं, कसं आहे? मी म्हणालो, पोकळ वाजतंय, मी काही केलं नाही. तिने उठून कपाटातून एक पेला काढला आणि तिच्या सासऱ्यांच्या बाटलीतली पिवळी वाईन माझ्यासमोर ठेवली.

मला अजूनही ती चव कळली असं म्हणणार नाही. अक्रोडाची आहे, खूप लांब रेंगाळते. पण पेला रिकामा केला, आणि मोरीकडे बघितलंही नाही.

अजून पाच वर्षं आहेत. तेवढे तुझे गुडघे सांभाळ. पिंप उघडेल तेव्हा तू माझ्या शेजारी हवीस.

तुझा,
गास्तों