ढगांखालची बाई

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. परवाच्या वादळाची काळजी करू नका, वीज दोन गल्ल्या पलीकडे पडली. जिना उतरताना घसरून माझं कोपर जरा खरचटलंय, एवढंच.

काळेकुट्ट ढग चढून आले तेव्हा मी कॅमेरा घेऊन आमच्या पेपरच्या गच्चीवर होते. तुमच्या फोटो स्टुडिओतला ढगांचा पडदा फार आठवला. तुम्ही रंगवायचात, मी शेजारी बसून ब्रश धुवायचे. तुम्ही म्हणायचात, "खाली एक माणूस हवं, पोरी. नाहीतर आभाळ केवढं आहे ते कळणार कसं?"

म्हणून मी कॅमेरा थोडा खाली झुकवला. समोरच्या गच्चीवर एक बाई वाळत घातलेले कपडे घाईघाईने गोळा करत होती. तिला तळाशी घेतलं, बाकी सगळं आभाळ.

संपादक म्हणाले, "बाई कापून टाक, नुसते ढग छापू." मी नाही म्हणाले. फोटो तिच्यासकट छापून आला.

आज तीच बाई पेपर घेऊन ऑफिसात आली. मला वाटलं, भांडायला आली. तर म्हणते, "याची एक प्रत मिळेल? पाच वर्षांत घरी एकही फोटो पाठवला नाही. मी कुठे राहते ते आईला दिसू दे."

मी दोन प्रती काढल्या. दुसरी या पाकिटात आहे. ऑपरेशननंतर डोळ्यांवरची पट्टी निघाली का? निघाली की आधी हा फोटो बघा, आणि पूर्वीसारख्या चुका काढा. इथे कुणी काढत नाही.

तुमची,
धाकटी